भाऊबीजेची रात्र, वर्ध्याचं सासर आणि चार दिवस बंद ठेवायची गोळी

एका भावाचा प्रश्न आहे. वय ४१, राहणार महाल, नागपूर, एकत्र कुटुंब. दारूच्या उपचारासाठी केंद्रात राहून आले, त्याला पाच महिने झाले. पोळा, गणपती, दसरा निभावला. आता दिवाळी तोंडावर आहे. भाऊबीजेला बहीण आणि भाऊजी येतात, आणि जेवणाआधी भाऊजी, चुलतभाऊ स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, प्यायला बसतात. दरवर्षीचंच आहे. पुढे तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग ३१ डिसेंबर. ते विचारतात, ‘समोरच्याला वाईट न वाटता नाही कसं म्हणायचं?’ बायकोचं म्हणणं आहे की दिवाळीत वर्ध्याला माहेरी जाऊ, तिथे दारूबंदी आहे, कटकटच नको. आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: ‘फराळाच्या तेलकटाने माझं पोट बिघडतं, तर डायसल्फिरामची गोळी चार दिवस बंद ठेवली तर चालेल का?’

भाऊ, मी तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. नागपुरात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करताना मला एक सवय लागली आहे. माणूस उठून दाराशी गेल्यावर जे बोलतो, ते मी जास्त लक्ष देऊन ऐकते.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दारू शरीरात गेली की तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि मग त्याचं पुढे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर होतं. ही गोळी ती दुसरी पायरी अडवते. त्यामुळे गोळी चालू असताना दारू घेतली तर ॲसिटाल्डिहाइड साचतं, तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, श्वास लागतो, रक्तदाब खाली येतो. कधी कधी हे जिवावर बेततं. आणि गोळी थांबवली म्हणून दुसऱ्या दिवशी हा परिणाम संपत नाही, तो दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. धनत्रयोदशीला गोळी बंद केली आणि भाऊबीजेला घेतली, तर तुम्ही त्या मुदतीच्या पार आतच आहात.

पोटाचा त्रास मात्र मी थट्टेवारी नेत नाही. या गोळीचा क्वचित यकृतावर परिणाम होतो. भूक मेली, मळमळतं, लघवी गडद होते, डोळे पिवळसर दिसतात, यातलं काही असेल तर दिवाळीची वाट न पाहता, आज-उद्या ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना गाठा. बंद करायची का, बदलायची का, हे ते रक्ताची तपासणी करून ठरवतील. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत, पण ती कोणाला चालतात हे यकृत, मूत्रपिंड आणि बाकी औषधं पाहून ठरतं. नुसतं चकली-शेवेने जड वाटत असेल, तर चकली कमी करायची.

आता त्या ओळीचं दुसरं अंग. तुम्ही प्यायचं ठरवलं आहे असं मी म्हणत नाही. तुम्हालाही तसं वाटत नसेल. पण पाच महिने जी गोळी पोटाला चालली, ती नेमकी त्याच चार दिवसांत नको होते, ज्यात भाऊबीजेची रात्र आहे. माणूस परत दारूकडे जातो तेव्हा तो ‘चला, आज पिऊ’ असं ठरवून क्वचितच जातो. आधी तीन-चार छोटे, साधे दिसणारे निर्णय झालेले असतात, आणि प्रत्येकाला सांगण्यासारखं कारण असतं. दिवाळीचा बोनस रोख घ्यायचा, कारण खरेदी आहे. घरी लांबच्या रस्त्याने यायचं, कारण त्या चौकात गर्दी कमी असते, आणि त्याच रस्त्यावर जुनं वाइन शॉप असतं. पाहुण्यांसाठी कोल्ड्रिंक आणायला मीच जातो. स्लॅबवर बर्फ आणि ग्लास पोचवायला मीच जातो, मी काही घेत नाही ना. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुन्हा घसरण्याच्या प्रक्रियेवर बरंच काम केलं, त्यात वरवर संबंध नसलेल्या अशा निर्णयांवर त्याचा भर होता. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेल्यांकडून मी हेच ऐकत आले आहे. ते शेवटच्या ग्लासाबद्दल बोलतात, मी विचारते, त्या दिवशी सकाळी काय झालं होतं?

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. नाही कसं म्हणायचं, हे काम दोन सेकंदांचं आहे. थकलेले, उपाशी, गोळी न घेतलेले, खिशात रोख असलेले आणि घरात कोणाला काहीच सांगितलेलं नाही, अशा अवस्थेत तुम्ही त्या स्लॅबवर पोचू नये, यासाठी आत्ता काय करायचं, हा खरा प्रश्न.

भाऊजींपासून सुरू करू, कारण घरातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. आपल्याकडे जावयाचा मान असतो. तुमची आईच म्हणेल, ‘वर्षातून एकदा येतात, त्यांना कसं सांगायचं?’ पहिलं वर्ष होईपर्यंत तुमच्या घरात, स्लॅबसकट, बाटली येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं पुढे बघता येईल. हे सांगायचं काम बायकोवर किंवा आईवर टाकू नका, तुम्हीच करा. आधी बहिणीला फोन करा, मग भाऊजींना, आणि एकट्याने, दिवसा. लांबण लावू नका. ‘भाऊजी, मी दारू सोडली आहे, डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. यंदा आपल्या घरी बसायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही या, सावजी मटण मी स्वतः करतो, सगळे मिळून जेवू.’ एवढंच. माफी नको, मागच्या दिवाळीत काय झालं त्याची उजळणी नको.

बहुतेक भाऊजी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. अनेकदा उलट त्यांना सुटल्यासारखं वाटतं, कारण तुमच्यासमोर कसं वागायचं हे त्यांनाही कळत नसतं. काही ऐकत नाहीत. ‘एकाने काय होतंय?’ म्हणणारा, हसून पाठीवर थाप मारणारा एखादा असतोच. तो ऐकणारच नसेल तर त्या संध्याकाळी ओवाळून घ्या, बहिणीला ओवाळणी द्या आणि जेवणाआधी मुलांना घेऊन फुटाळा तलावावर फिरून या. बहीण समजून घेईल. तिनेच तुम्हाला केंद्रात भेटायला येताना डबा आणला असेल.

चुलतभाऊ मात्र त्याच घरात राहतात, ते चार दिवसांचे पाहुणे नाहीत. त्यांना तोच निरोप, पण समोरासमोर. ते रोज घरात घेत असतील तर हा दिवाळीचा प्रश्न उरत नाही. मग तुमच्या समुपदेशकाला मध्ये घालून घराची बैठक लावा.

नकाराचं वाक्य एकच ठेवा: ‘नाही, मी घेत नाही.’ ‘अँटिबायोटिक चालू आहे’, ‘उपवास आहे’, ‘ॲसिडिटी झाली’ ही कारणं मला पसंत नाहीत. ती आठ दिवसांत संपतात, आणि समोरचा माणूस पुढच्या भेटीला ‘आता बरं आहे ना?’ म्हणून ग्लास पुढे करतो. ऑफिसातल्या लोकांना तुमच्या आजाराचा इतिहास सांगायची गरज नाही. कोणाला किती सांगायचं हे तुमच्या नोकरीवर, साहेबावर अवलंबून आहे. पण घराबाहेरच्या दोघांना तरी पूर्ण खरं माहीत हवं, आणि त्यातला एक रात्री अकराला फोन उचलणारा हवा. तुम्ही अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जात असाल तर स्पॉन्सर, म्हणजे तिथला तुमचा जुना-जाणता सोबती, आहेच. सणाच्या दिवसांत मीटिंगची जागा आणि वेळ बदलू शकते, तेव्हा आधीच विचारून ठेवा.

आता वर्धा. तुमच्या बायकोचं म्हणणं मला समजतं, त्यात काळजी आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी १९७० च्या दशकापासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागू झाली आणि २०२१ ला उठली. बंदीचा एक फायदा तुमच्यासारख्याला खरोखर होतो: रस्त्यावर दुकानाचा बोर्ड दिसत नाही, बार लागत नाही, ओझरत्या नजरेने लागणारी तलफ कमी होते. पण नागपूरहून वर्धा तास-दीड तासावर आहे. साळ्याच्या मित्राने गाडीच्या डिकीत आणली तर कोणी अडवलेलं नसतं. शिवाय बंदीच्या भागात मिळते ती कुठून आली, कशात कालवली, हे कोणाला माहीत नसतं. अशा दारूत मिथेनॉल निघालं तर डोळे जातात, जीवही जातो.

वर्ध्याला जावं का? सासरी कोण घेतं आणि कोण नाही, यावर ठरवा. सासरे माळकरी असतील, साळा घेत नसेल, तर जरूर जा, लक्ष्मीपूजन आपल्या घरी करून पाडव्याला निघा. पण भाऊजींना सांगायला नको म्हणून वर्ध्याला जाणार असाल, तर तो फोन पुढच्या सणापर्यंत फक्त लांबणीवर पडेल. आणि बाराही महिने तुम्हाला महालातच राहायचं आहे.

दिवसांबद्दल एक निरीक्षण. आपल्याकडे देवाच्या दिवशी सहसा कोणी घेत नाही. पोळ्याला बैल पुजतात, बसतात ते दुसऱ्या दिवशी करीला. होळीला पुरणपोळी, धुळवडीला मटण आणि बाकी सगळं. दिवाळीतही लक्ष्मीपूजनाची रात्र तुम्हाला फारशी जड जाणार नाही, घर भरलेलं असतं, हातात काम असतं. सांभाळायची ती पाडव्याची रिकामी दुपार, भाऊबीजेची रात्र, आणि सगळे निघून गेल्यावरचा दुसरा दिवस. तो दिवस लोक विसरतात. गाद्या गुंडाळलेल्या, डब्यात उरलेला चिवडा, अंगात थकवा, आणि ‘एवढं सगळं निभावलं, आता एक तरी’ हा विचार. माझ्याकडे फोन येतात ते बहुतेक सण उरकल्यावर. ३१ डिसेंबरचंही तसंच: त्या रात्रीची तयारी सगळे करतात, जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची कोणी करत नाही. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची एखादी ठरलेली भेट ठेवा. मीटिंग, डॉक्टर, समुपदेशक, काहीही. वेळ आधी घेऊन ठेवा.

भुकेकडे लक्ष द्या. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार अवस्थांत तलफ जोर करते, हे उपचारात सगळीकडे शिकवतात, आणि दिवाळीत चारही एका दिवसात येऊ शकतात. पहाटे अभ्यंगस्नान, मग फराळावर दिवस काढायचा, जेवण रात्री साडेदहाला. तसं करू नका. संध्याकाळी सातला पोळी-भाजी खाऊन घ्या, पाहुण्यांसोबत पुन्हा बसलात तरी चालेल. तलफ आली तर ती सतत वाढत जात नाही. साधारण पंधरा ते तीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो, फक्त त्या वेळात तुम्ही जागा बदलायला हवी. स्लॅबवरून खाली या, पाणी प्या, फोन लावा, पोरांसोबत अनार लावा.

आपल्या नागपुरात आणखी एक होतं. दारू सुटते आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, दुप्पट होतो. मी एकदम सगळं सोडा म्हणत नाही, पण पानठेल्यावर कोण भेटतं ते बघा. जुनी मंडळी तिथेच असतील तर दारूचा रस्ता तिथूनच सुरू होतो. भांग आणि झोपेच्या गोळ्यांनाही तुमच्यासाठी परवानगी नाही. खोकल्याचं औषध घेताना त्यात अल्कोहोल नाही ना, हे विचारून घ्या. आसव आणि अरिष्टं, म्हणजे दशमूलारिष्ट, द्राक्षासव वगैरे, आंबवून केलेली असतात आणि त्यांत अल्कोहोल असतंच. आजीने प्रेमाने दिलं तरी नको.

लग्नसराईबद्दल. लग्नाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, घरातल्या लग्नाला तुम्ही जाणारच. पण वरातीला जाऊ नका. आपल्याकडे दारू हॉलमध्ये नसते, ती वरातीत असते. बँडच्या मागे गाडीची डिकी उघडी असते, प्लास्टिकचे ग्लास, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत आधीच कालवलेली. अंधारात, ढोलाच्या आवाजात कोणी ‘घे बे, कोक आहे’ म्हणून ग्लास हातात देतं. तुम्ही गोळीवर असाल तर ती गंमत दवाखान्यात संपते. म्हणून दुसऱ्याने भरलेला ग्लास घ्यायचाच नाही, बाटली स्वतः फोडायची. अक्षतांच्या वेळी हॉलवर पोचा, जेवा, आहेर द्या, निघा. गाडी स्वतःची न्या, म्हणजे कोणी सोडून देईपर्यंत थांबावं लागणार नाही. थंडीतल्या हुरडा पार्ट्या आणि शेतावरच्या रोडग्यांच्या पार्ट्यांना हाच हिशोब, फक्त तिथून अर्ध्यात निघणं कठीण असतं. तेव्हा यंदा फक्त बायका-मुलं असतील तिथेच जा.

३१ डिसेंबरला घरी राहा. यावर मी वाद घालत नाही. त्या रात्री अमरावती रोडच्या ढाब्यावर पाच महिने, सात महिने सोबर राहिलेल्या माणसाचं काहीही काम नसतं. काही लोकांना रिकामं बसणं सोसत नाही, त्यांनी हातांना काम शोधावं. विजयादशमीला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून आलेल्यांना पाणी आणि जेवण वाटणारे काहीजण मला माहीत आहेत. बाबासाहेबांनी १९५६ साली तिथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ‘मी दारू पिणार नाही’ ही एक आहे, आणि ते आपला सोबर राहण्याचा वर्धापनदिन तिथेच मोजतात. तुमची श्रद्धा वेगळी असेल तर जागा वेगळी निवडा.

बायकोसोबतही एक बोलणं आत्ताच व्हायला हवं. दिवाळीत ती तुमच्या तोंडाचा वास घेणार, तुम्ही वर गेलात की जिन्याकडे बघणार. तुम्हाला राग येईल, आणि राग हे प्यायचं फार जुनं कारण आहे. यावर चांगला तोडगा म्हणजे रोज सकाळी चहाच्या वेळी गोळी तिच्यासमोर घ्यायची. कोणाच्या तरी देखरेखीत घेतल्यावर या गोळीचा उपयोग जास्त होतो, हे डॉक्टरही सांगतील. त्या बदल्यात तिने दिवसभर तपासणी करायची नाही. बोनस थेट खात्यात घ्या आणि दिवाळीची खरेदी दोघं मिळून करा. सगळा पैसा बायकोच्या हाती द्यायचा का, हे घराघरावर आहे. काहींना त्याने आधार वाटतो, काहींना अपमान. इथे वाचणाऱ्या बाकी बायकांनाही सांगते: ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती बघून ही गोळी भाजीत किंवा चहात मिसळू नका. नवऱ्याला माहीत नसताना त्याने त्यावर दारू घेतली तर प्रसंग जिवावरचा आहे.

आणि घेतलीच गेली तर? तेव्हा ‘आता दिवाळी गेलीच आहे, सोमवारपासून बघू’ हा विचार एका ग्लासाचे चार दिवस करतो. त्याच रात्री थांबा, बायकोला सांगा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. पाच महिन्यांच्या खंडानंतर शरीराची जुनी सहनशक्ती उरलेली नसते, जुन्या मापाने घेतलेली अंगावर येते. गोळी चालू असताना घेतली आणि धाप, छातीत दुखणं, चक्कर असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा आणि डायसल्फिराम चालू आहे हे आधी सांगा. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर घरीच एकदम बंदही करू नका. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. याआधी कधी फिट आली असेल तर धोका आणखी जास्त. हे डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं.

रात्री कोणी फोन उचलत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही फुकट. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, बायकोच्या फोनमध्येही.

बहिणीला फोन मात्र या रविवारीच करा. धनत्रयोदशीपर्यंत थांबलात तर तोवर त्यांनी बाटली घेऊन ठेवलेली असेल.